मामी म्हणजे आजी, पापी म्हणजे आजोबा : फ्रेंच स्वर आणि इंग्रजी तोंड

फ्रान्समध्ये आजीला 'मामी' म्हणतात आणि आजोबांना 'पापी'. मावशी, आत्या, काकू सगळ्यांना मिळून लाडाचा एकच शब्द, 'ताता'. काका आणि मामा दोघेही 'तोँतोँ'. पहिल्यांदा ऐकलं की मराठी माणसाला हसू आवरत नाही. मामाची बायको आजी कधी झाली, आणि आजोबांनी असं कोणतं पाप केलं?

हसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येते. मामी, पापी, ताता हे शब्द आपण जसे वाचले, जवळजवळ तसेच ते फ्रेंच घरात बोलले जातात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाचं तसं होत नाही. 'मामी'ची रोमन अक्षरं त्याच्यापुढे ठेवा, तो 'मेमी' वाचेल. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नीचं नाव अगदी याच पाच अक्षरांनी लिहीत, आणि १९५३ ते १९६१ ही आठ वर्षं व्हाइट हाउसमध्ये त्या 'मेमी' आयझेनहॉवर म्हणूनच ओळखल्या गेल्या.

फ्रेंच उच्चार शिकवणारी पुस्तकं विमानतळ, हॉटेल, उपाहारगृह यांपासून सुरुवात करतात. माझं मत विचाराल तर सुरुवात घरातल्या लाडाच्या नावांपासून करावी. या नावांत व्यंजनं मोजकी असतात आणि बहुतेक वेळा तोच स्वर दोनदा येतो, त्यामुळे चूक झाकायला आडोसा मिळत नाही. इंग्रजीभाषक नेमका कुठे अडखळतो ते इथे लख्ख दिसतं. आपल्यालाही ते बघण्यात लाभ आहे, कारण आपल्यापैकी बहुतेक जण फ्रेंचकडे इंग्रजीच्या दारातून जातात आणि जाताना इंग्रजांच्या खोडी फुकटात उचलतात.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत आहेत, म्हणजे ते अंदाजाने लिहिलेले आहेत. जिथे देवनागरी अपुरी पडते तिथे तसं सांगेन.

'ए'चा 'आ' का होत नाही

मामीची मेमी होण्यामागे एक जुनी उलथापालथ आहे. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. त्याआधी इंग्रजी माणूसही रोमन लिपीतलं पहिलं अक्षर 'आ'सारखं आणि 'आय' हे अक्षर 'ई'सारखं म्हणत असे. नंतर बोलणं सरकलं, पण स्पेलिंग बरंचसं जागच्या जागी राहिलं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश यांनी ही उडी मारली नाही. म्हणून त्यांच्याकडे 'आ'चं अक्षर आजही 'आ'च आहे. आपण कॉन्व्हेंट शाळेत 'ए, बी, सी, डी' शिकतो तेव्हा त्या सरकलेल्या जागाच पाठ करतो.

गंमत अशी की इंग्रजांच्या घरातली अर्धी नाती मुळात फ्रेंचच आहेत. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं तिथल्या दरबारात फ्रेंच चालली. आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी हे शब्द इंग्रजांनी स्वतःचे जुने ठेवले. पण अंकल, आँट, कझिन, नेफ्यू, नीस ही सगळी मंडळी फ्रेंचमधून आली. आजी-आजोबांच्या आधी लागणारं 'ग्रँड'ही तिकडचंच. म्हणजे आतलं घर इंग्रजी आणि ओसरीवर बसलेले नातेवाईक फ्रेंच. हजार वर्षं हे शब्द तोंडात असूनही इंग्रजी माणसाला ते मूळ चालीत म्हणता येत नाहीत, कारण दरम्यान त्याच्या तोंडाची सवयच बदलली.

ती सवय कोणती, हे एकदा कळलं की बाकीचं सोपं आहे.

तोंड हलवायचं नाही

इंग्रजी माणसाला 'कॅफे' म्हणायला सांगा आणि त्याच्या जबड्याकडे बघा. शेवटच्या 'ए'वर पोचल्यावर तो थांबत नाही, तोंड मिटत मिटत 'ई'कडे सरकतो. ऐकू येतं ते 'कॅफेय्'. 'ओ'चंही तसंच. 'गो', 'नो' म्हणताना तो 'ओ'पासून निघून 'उ'पाशी पोचतो. इंग्रजीत हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की बोलणाऱ्याला आपण दोन स्वर बोललो याचा पत्ताच नसतो.

फ्रेंचमध्ये मात्र स्वर सुरू होतो तिथेच संपतो. आन्द्रे नावाच्या माणसाला घरी 'देदे' म्हणतात, जेरारला 'झेझे'. इंग्रजी तोंडातून यांचं 'डेय्-डेय्' आणि 'झेय्-झेय्' होतं. गावाकडच्या आजीला 'मेमे' आणि आजोबांना 'पेपे' म्हणायची जुनी पद्धत आहे. तिथेही शेपूट लागतं. 'ओ'च्या घरात पिएरचा 'प्येरो', झाँचा 'झानो', जोसेफचा 'झोझो'. इंग्रज यातल्या प्रत्येकाच्या शेवटी एक छोटा 'उ' चिकटवतो.

मराठी माणूस इथे बसल्या जागी पास होतो. आपला 'ए' आणि 'ओ' दोन्ही स्थिर आहेत. 'देदे' आपण 'पैसे देदे'सारखं म्हटलं तरी फ्रेंच आन्द्रे मागे वळून बघेल. दुसरा फायदा व्यंजनांचा. फ्रेंच 'त' आणि 'द' दातांना जीभ लावूनच म्हणतात, आणि 'पापा'मधला 'प' आपल्यासारखाच कोरडा असतो. इंग्रजी माणूस शब्दाच्या सुरुवातीला 'प' म्हणताना हवेचा झोत सोडतो, त्यामुळे त्याचा 'पापा' आपल्या कानाला अर्धवट 'फापा' लागतो.

तरीही आपल्यातलेच इंग्रजीत शिकलेले लोक फ्रेंच वर्गात 'कॅफेय्' म्हणतात. घरी 'ए'ला शेपूट लावत नाहीत, फ्रेंच बोलायला लागले की लावतात. परदेशी भाषा म्हणजे इंग्रजीसारखी बोलायची, असा काहीतरी समज डोक्यात बसलेला असतो.

फ्रेंचमध्ये 'ए' दोन आहेत, हे मात्र आपल्यालाही शिकावं लागतं. 'मेमे'तला 'ए' मिटलेला, ओठ हसल्यासारखे ताणलेले. 'पेर', म्हणजे वडील, यातला 'ए' उघडा, 'ॲ'च्या दिशेने निम्म्या वाटेवर गेलेला. 'मेमेर' या आजीच्या आणखी एका शब्दात दोन्ही शेजारीशेजारी बसलेत, पहिला मिटलेला, दुसरा उघडा. मराठीत हा फरक अर्थ बदलत नाही म्हणून आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. कोकणीत तो अर्थ बदलतो, त्यामुळे गोव्यातल्या विद्यार्थ्याला हा धडा जवळजवळ फुकट मिळतो.

आणखी एक इंग्रजी खोड याच खात्यातली. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर चेपले जातात. 'बनाना' या शब्दात एकच स्वराक्षर तीनदा लिहिलेलं आहे, पण इंग्रज फक्त मधल्याला पूर्ण न्याय देतो. कडेच्या दोघांचा बारीक 'अ' करून टाकतो. आपण मराठीत शेवटचा 'ना' दणदणीत म्हणतो. फ्रेंच माणूसही स्वर असे चेपत नाही. त्याच्याकडे जोर हलका असतो आणि तो शेवटी येतो. म्हणून फ्रेंच 'पापा'त दोन्ही 'आ' सारखे भरलेले, दुसऱ्यावर जरा रेंगाळलेले. अमेरिकन माणसाच्या तोंडी तोच शब्द 'पाप्-अ' असा होतो, पुढे जड आणि मागे हलका.

स्थिर तोंडाचा हा नियम पॅरिसकडच्या प्रमाण फ्रेंचचा आहे, बरं का. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये 'पेर'सारख्या शब्दातला लांब स्वर खुशाल वळण घेतो आणि 'पाएर'सारखा ऐकू येतो. तिथल्या माणसाला कुणी चुकीचं बोलतोस म्हटलं तर तो योग्य ते उत्तर देईल.

ओठांचं काम : लूलू आणि ल्युल्यु

आता खरा घाट लागतो. फ्रेंचमध्ये एक स्वर असा आहे जो इंग्रजीत नाही, मराठीत नाही आणि हिंदीतही नाही. रोमन लिपीत तो एकट्या 'यू' या अक्षराने लिहितात. देवनागरीत तो नाइलाजाने 'त्यु', 'ल्यु' असा लिहिला जातो, पण त्यात 'य' अजिबात नाही.

करून बघा. 'ई' म्हणा आणि म्हणत राहा. जीभ आहे तिथेच ठेवा. आता समईवर फुंकर घालताना ओठांचा चंबू करतो तसा करा. जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे. जो आवाज निघेल तो हा स्वर. ओठ आवाज सुरू व्हायच्या आधी गोल झालेले हवेत. उशीर झाला की 'यू' ऐकू येतो, आणि इंग्रजांची चूक नेमकी हीच.

याचा शेजारी म्हणजे साधा 'ऊ', जो फ्रेंचमध्ये 'ओ' आणि 'यू' ही दोन अक्षरं जोडून लिहितात. हा आपल्याला येतो. हे दोन स्वर वेगळे ठेवता आले नाहीत तर घरात कसा घोळ होतो ते बघा. लुई किंवा लुईझला लाडाने 'लूलू' म्हणतात. ल्युसी किंवा ल्युसियँला 'ल्युल्यु'. इंग्रजी पाहुण्याच्या तोंडून दोन्ही 'लूलू'च निघतात, आणि दोघं एकाच घरात असले तर चुकीचा माणूस जेवायला येतो. ज्युलीला किंवा ज्युलियँला 'झ्युझ्यु' म्हणतात. त्याचं 'झूझू' केलं की शब्दाचा अर्थच बदलतो, कारण 'झूझू' म्हणजे खेळणं.

लाडाच्या हाका इथे फार कामाला येतात. फ्रेंच आई मुलीला 'मा प्युस' म्हणते, म्हणजे 'माझी पिसू'. (आपण लेकराला 'माकडा' म्हणतोच की.) 'माझा कोबी' म्हणायचं तर 'मों शू', यात साधा 'ऊ'. 'माझी कोंबडी' म्हणजे 'मा पूल', यातही साधा. पण कोंबडीच्या 'ऊ'ऐवजी तो चंबूवाला स्वर आला की 'प्युल' होतं, आणि 'प्युल' म्हणजे स्वेटर.

स्वेटर का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असतं की इंग्रजीभाषकाला साधा 'ऊ' येतो आणि चंबूवाला येत नाही. आज परिस्थिती तितकी सरळ नाही. इंग्लंडमध्ये गेल्या काही पिढ्यांत 'फूड', 'गूस' यांतला 'ऊ' तोंडात पुढे सरकला आहे. तरुण ब्रिटिश माणसाचा 'ऊ' आता 'ई' आणि 'ऊ' यांच्या मधोमध कुठेतरी असतो. स्कॉटलंडमध्ये तर तो पूर्वीपासूनच पुढचा. म्हणून आजच्या इंग्रजाला दोन्ही बाजूंनी त्रास होतो: चंबूवाला स्वर पुरेसा पुढे जात नाही आणि साधा 'ऊ' पुरेसा मागे राहत नाही.

याचा सगळ्यात प्रसिद्ध बळी म्हणजे 'मेर्सी बोकू', खूप खूप धन्यवाद. शेवटचा 'ऊ' पुढे सरकला की 'बो क्यु' ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ 'सुंदर पार्श्वभाग'. जेवण वाढणाऱ्या सासूबाईंना इंग्रज जावई हे मनापासून म्हणतो. त्या सभ्य असतात म्हणून मान डोलावतात.

एक नाव मात्र साऱ्या फ्रान्सने चघळलं. एमान्युएल या नावाचं लाडाचं रूप 'मान्यु'. यातही शेवटी हाच स्वर. आपल्याकडे मनू म्हटलं की झाशीच्या राणीचं बालपण आठवतं, तिथे मान्यु हे पुरुषाचं नाव. १८ जून २०१८ रोजी पॅरिसजवळच्या माँ-व्हालेरियँ इथे जर्मनीविरुद्ध लढत राहा, या जनरल द गोलच्या १९४० सालच्या आवाहनाचा स्मरणसोहळा होता. राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्रों गर्दीतल्या मुलांशी हस्तांदोलन करत असताना एका शाळकरी मुलाने 'काय मान्यु, बरंय का?' अशा सुरात विचारलं. माक्रों थांबले आणि त्याला सुनावलं की मला 'मस्यो' म्हणायचं, नाहीतर 'मस्यो ल प्रेझिदाँ'. चित्रफीत देशभर फिरली. त्यावर भांडण झालं ते शिष्टाचाराचं, पण उच्चार शिकणाऱ्यासाठी तो तीस सेकंदांचा उत्तम पाठ आहे. लाडाच्या नावात चंबूवाला 'यु' आणि आदराच्या 'मस्यो'त एक वेगळाच स्वर.

मस्यो आणि पांढरे घोडे

'मस्यो'च्या शेवटी 'ओ' नाही. कृती मघाचीच, फक्त सुरुवात 'ए'पासून. 'ए' म्हणत राहा आणि ओठ 'ओ'सारखे करा. 'दोन' या अर्थाचा 'द', 'निळा' या अर्थाचा 'ब्ल', पुतण्या-भाचा या अर्थाचा 'नव' या सगळ्यांत शेवटी हाच स्वर. देवनागरीत तो लिहिताच येत नाही म्हणून मी अर्धवट सोडलाय. याचा उघडा भाऊ 'सर', म्हणजे बहीण, आणि 'कर', म्हणजे हृदय, यांत सापडतो. 'मों कर' ही लाडाची हाक, आपल्या 'काळजा'सारखी. ब्रिटिश माणसाला या उघड्या भावासाठी 'बर्ड'मधला स्वर वापरता येतो. त्याने 'र' खाल्लेलाच असतो, ओठ गोल केले की काम भागतं. अमेरिकन माणूस तिथे जीभ मागे वळवून 'र्' घुसवतो आणि बहीण गावठी काउबॉय होते.

मिटलेल्या भावाची परीक्षा घ्यायची तर आजीच्या केसांवर घ्यावी. केस म्हणजे 'शव', शेवटी 'ए'-'ओ'चा हा मिश्र स्वर. घोडे म्हणजे 'शवो', शेवटी साधा 'ओ'. इंग्रजी तोंडाला साधा 'ओ' जवळचा वाटतो, त्यामुळे 'मामीचे केस' म्हणायला जावं आणि 'मामीचे घोडे' बाहेर पडावेत असं होतं. त्यात केस पांढरे आहेत हे सांगायचं असेल तर संकट दुप्पट. पांढरा म्हणजे 'ब्लाँ', सोनेरी म्हणजे 'ब्लोँ'. दोन्हींत फरक फक्त नाकातल्या स्वराचा, आणि तो इंग्रजाला ऐकूही येत नाही. पांढऱ्या केसांची आजी पाहता पाहता सोनेरी घोड्यांची मालकीण होते.

नाकातून, पण 'न' न म्हणता

फ्रेंचमध्ये नाकात घुमणारे चार स्वर आहेत. 'एक छान पांढरी वाइन' या अर्थाच्या 'अँ बोँ व्हॅं ब्लाँ' या चार शब्दांत चारही लागोपाठ येतात. विद्यार्थ्यांना हेच वाक्य घोकायला लावतात. त्यातला पहिला आणि तिसरा हल्ली पॅरिसमध्ये बहुतेक लोक एकसारखाच म्हणतात, म्हणजे तिथे व्यवहारात तीनच उरलेत.

लिहिताना स्वरापुढे 'न' किंवा 'म' दिसतो, पण तो म्हणायचा नसतो. तो फक्त आधीच्या स्वराला नाकात पाठवण्याची सूचना आहे. आई म्हणजे 'ममाँ', आणि शेवट हिंदी 'माँ'सारखा, फक्त जीभ जरा मागे आणि तोंड जरा गोल. इंग्रजी माणूस शेवटी जीभ टाळूला टेकवून 'मामॉन' करतो. त्याचा 'तोँतोँ' तर 'टॉनटॉन' असा मंदिरातल्या घंटेसारखा वाजतो. सोपी कसोटी: शब्द संपताना तोंड उघडं आहे का आणि जिभेचं टोक खालच्या दातांमागे निवांत पडलं आहे का? असेल तर बरोबर. जीभ वर चढली असेल तर 'न' शिरलाच.

शेवटचा 'न' खरंच कधी म्हणायचा? पुढे लिहिण्यात रोमन लिपीतलं 'ई' हे अक्षर आलं की. मग स्वर नाकातून बाहेर येतो आणि 'न' स्पष्ट होतो. बऱ्याच ठिकाणी पुरुष आणि बाई यांतला फरक एवढाच असतो. चुलत-मावस भाऊ 'कुझॅं', बहीण 'कुझीन'. बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता 'पारॅं', धर्ममाता 'मारेन'. झाँ हा पुरुष, झान ही बाई. इंग्रज मात्र 'झाँ'ची अक्षरं बघून 'जीन' वाचतो आणि बुवाची बाई करतो. आणि ज्यांच्याकडे परदेशातून मुरांब्याच्या बाटल्या येतात त्यांनी लाल-पांढऱ्या चौकड्यांचं झाकण पाहिलंच असेल: 'बॉन ममाँ'. हा आजीसाठी घरगुती शब्द. त्यात 'बॉन'चा 'न' म्हणायचा आणि 'ममाँ'चा गिळायचा. आजोबा त्याच चालीवर 'बोँ पापा', इथे 'न' गायब. एका जोडप्यात सगळा नियम आला.

आता आपली पाळी. नाकातले स्वर आपल्याला येतात, असं मराठी माणूस छातीठोक सांगतो, कारण लिपीत अनुस्वार आहे. पण आपण 'अंत' लिहितो आणि 'अन्त' म्हणतो, 'अंबा' लिहितो आणि 'अम्बा' म्हणतो. अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे रंग बदलून व्यंजन होतो. त्यामुळे मावशी या अर्थाचा 'ताँत' आपण 'तान्त' असा म्हणतो, आणि ही चूक इंग्रजांच्या चुकीपेक्षा तसूभरही वेगळी नाही. जुन्या मराठी पुस्तकांत 'नांव', 'कांहीं', 'नाहीं' अशी टिंबांची पखरण दिसते, ती कधीकाळच्या नाकातल्या उच्चारांची खूण. बोलण्यातून तो उच्चार गेला, आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारली जाणारी ती टिंबंही काढून टाकली. कोकणीने नाकातले स्वर जिवंत ठेवले. घरात कुणी कोकणी बोलणारं असेल तर 'तोँतोँ' त्यांच्याकडून म्हणवून घ्यावा, पुस्तकापेक्षा लवकर येईल.

गळालेला 'अ' आणि गिरण्यांतली पोरं

फ्रेंचमध्ये एक स्वर गळण्यासाठीच असतो. 'छोटा' म्हणजे 'पती', पण भरभर बोलताना तो 'प्ती' होतो. आपल्याला हे नवं नाही; आपण 'करवत' लिहितो आणि 'कर्वत' म्हणतो. कॅनडात आणि अमेरिकेत या 'प्ती'चा 'प'ही गेला आणि नुसता 'ती' उरला. (क्यूबेकी तोंडात तो 'त्सी'.) छोटा झाँ म्हणजे 'ती-झाँ'.

ही हाक मारली जायची ती न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, कापड गिरण्यांच्या वस्त्यांत. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियन माणसं क्यूबेक सोडून अमेरिकेत आली. लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट, लुइस्टन अशा गिरणीच्या गावांत त्यांनी चाळी भरल्या. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला चित्र वेगळं सांगायला नको. लोवेलमध्येच १९२२ साली जॅक केरुअॅक जन्मला. पुढे इंग्रजीतला मोठा लेखक झालेला हा माणूस घरी 'ती-झाँ' होता आणि सुमारे सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला इंग्रजी येत नव्हतं.

या कुटुंबांत पुढच्या पिढ्यांनी फ्रेंच सोडली, पण आजी सुटली नाही. 'मेमेर' आणि 'पेपेर' हे शब्द तिथे आजही ऐकू येतात, फक्त शेवटचा 'र' गेला, 'ए'ला इंग्रजी शेपूट आलं, आणि आजी 'मेमेय्' झाली. दक्षिणेत लुइझियानात १९२१च्या राज्यघटनेने शाळांतून फ्रेंच हद्दपार केली. शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेली माणसं तिथे घरोघरी होती. १९६८ साली राज्याने फ्रेंच जगवण्यासाठी खास परिषद नेमली खरी, पण तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. तिथेही धर्मपिता 'पारॅं' टिकून राहिला, इंग्रजी बोलणाऱ्या नातवंडांच्या तोंडी 'पारॅन' होऊन. अशा नातवाला तू चुकीचं म्हणतोस, असं सांगायची माझी तरी हिंमत नाही. फ्रान्समध्ये जाऊन फ्रेंच बोलायची असेल तर 'न' गिळायला शिकावं. स्वतःच्या आजीला हाक मारायची असेल तर आजी जिला ओ देते ती हाक बरोबर.

मराठी वाचकाला एक नाव आतापर्यंत खुणावत असेल. 'ताता' म्हणजे आत्या-मावशी, तर मग टाटा? जे. आर. डी. टाटा २९ जुलै १९०४ला पॅरिसमध्ये जन्मले. आई सुझान ब्रिएर फ्रेंच, आणि त्यांची पहिली भाषाही फ्रेंच. घरी आणि मित्रांत ते 'जेह'. १९९३ साली त्यांना निरोप दिला तोही पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत, म्हणजे नावातच उघड्या 'ए'चा 'पेर'. इंग्रज आडनावातला 'ट' जिभेचं टोक हिरडीला लावून म्हणतो, आपण आणखी मागे, आणि फ्रेंच माणूस दातावर: 'ताता'. एका पोलादी उद्योगघराण्याच्या वारसाला लहानपणी पॅरिसच्या पोरांनी 'मावशी' म्हणून चिडवलं असेल का, हा विचार मला अधूनमधून छळतो.

सराव करायचा तर पुस्तक मिटून हाक मारायचा करावा. फ्रेंच माणूस दुसऱ्या खोलीतल्या माणसाला बोलावताना शेवटचा स्वर लांबवतो, आपण 'आईऽऽ' म्हणतो तसा: 'ममाँऽऽ', 'मामीऽऽ', 'देदेऽऽ'. लांबवलेल्या स्वरात तोंड सरकलं की लगेच कळतं. 'देदे'ला तीन सेकंद धरा. शेवटी 'य्' डोकावला तर इंग्रजी अजून तोंडातून गेलेली नाही. 'ममाँ'ला धरा, 'न'ची घंटा वाजली तर जीभ वर गेली. आणि शेवटी, ज्या घरात लुई आणि ल्युसी दोघं राहतात तिथे जिन्याखाली उभं राहून 'ल्युल्युऽऽ' अशी हाक द्या, आणि वरून कोण डोकावतं ते बघा.